घाट उतरा, बॅटरी भरा!

दोस्तांनो, लोणावळ्याहून घाट उतरून खोपोलीला पोचल्यावर तुमच्या गाडीतलं पेट्रोल कधी वाढलंय का? म्हणजे निघताना काटा जिथे होता त्याच्या वर गेला, टाकीत एखादा लिटर जास्तच आलं, असं? शक्यच नाही! पेट्रोल जळतं, धूर होऊन जातं आणि जातं ते कायमचं.

पण विजेवर चालणाऱ्या गाडीत असं होतं. घाट उतरता उतरता तिची बॅटरी भरते. मी हे पुस्तकात वाचलं होतं, पण मागच्या महिन्यात स्वतः गाडीत बसून बघितलं आणि तेव्हापासून तुम्हाला कधी सांगतो असं झालंय.

झालं काय, की माझ्या ताईला नवीन गाडी घ्यायची आहे. घरात माणसं भरपूर, त्यामुळे मोठी हवी आणि या वेळी विजेवरची हवी. तिने निवडली महिंद्राची एक्सईव्ही 9ई. ही गाडी आपल्या चाकणच्या कारखान्यात तयार होते. ताईने शोरूमवाल्यांना बजावून ठेवलं होतं, "ट्रायल द्यायची तर घाटात द्या. सपाट रस्त्यावर कुठलीही गाडी छानच पळते." मग काय, स्टिअरिंगवर ताई, शेजारी शोरूमचे दादा, मागे मी, भाचा आणि भाची.

निघण्याआधी भाच्याने हट्टाने बॉनेट उघडायला लावलं आणि ओरडला, "मामा, इंजिन कुठंय?" तिथे होती चक्क एक डिकी! 150 लिटरची. मागची 663 लिटरची डिकी वेगळीच. मोटर मागच्या चाकांजवळ बसवलेली, आणि मोठ्या कलिंगडाएवढ्या जागेत मावेल अशी. बॅटरी कुठे? आपल्या पायांखाली, गाडीच्या अख्ख्या तळात पसरलेली. म्हणून तर मागच्या सीटवर मध्ये बसणाऱ्याच्या पायात तो नेहमीचा उंचवटा येत नाही. भाची कायम मध्ये बसते, त्यामुळे तिला गाडी तिथेच आवडून गेली. शिवाय एवढं वजन तळाशी असल्यामुळे वळणावर गाडी कमी कलते. घाटात ज्यांना मळमळतं त्यांनी हे लक्षात ठेवा.

आमच्या गाडीची बॅटरी होती 79 किलोवॅट-तासांची. शब्द अवघड वाटतो ना? मग घरी आलेलं विजेचं बिल काढा. त्यावर जो 'युनिट' असतो, तोच एक किलोवॅट-तास. म्हणजे या गाडीच्या पोटात 79 युनिट वीज मावते. तुमच्या घरी महिन्याला किती युनिट लागतात ते बिलावर बघा आणि 79 शी ताडून पाहा. काही घरांचा अख्खा महिना या एका बॅटरीवर निघेल.

गाडी सुरू झाली ती कळलीच नाही. ना घरघर, ना थरथर. मात्र अगदी हळू चालताना तिच्यातून मुद्दाम आवाज सोडला जातो. का? रस्ता ओलांडणाऱ्याला, आणि विशेषतः दृष्टिहीन माणसाला, गाडी येतेय हे ऐकू यायला हवं. युरोपात तर 2019 पासून विजेच्या नव्या मॉडेलच्या गाड्यांना असा आवाज सक्तीचा केला. या गाडीतले आवाज कुणी तयार केलेत माहितेय? ए. आर. रहमान यांनी!

लोणावळ्यात आम्ही पडद्यावरचा आकडा बघून घेतला. बॅटरी 61 टक्के. खंडाळा मागे पडलं, उतार लागला, आणि ताईने ॲक्सिलरेटरवरचा पाय अलगद उचलला. ब्रेकला पाय लावलाच नाही, तरी गाडी आपोआप धरल्यासारखी हळू झाली. पडद्यावर मोटर किती वीज घेतेय ते दिसत होतं, तो आकडा शून्यावर आला आणि मग उलट्या बाजूला सरकला. वीज आता बॅटरीतून चाकांकडे जात नव्हती, चाकांकडून बॅटरीत येत होती. भाची पुढे वाकून आकडे वाचायला लागली. उतार तीव्र झाला की आकडा वाढे, रस्ता सपाट झाला की उतरे. शेजारून एक ट्रक ब्रेक दाबत दाबत चालला होता आणि त्याच्या ब्रेकचा करपट वास आमच्यापर्यंत येत होता.

त्या वासातच सगळी गंमत आहे. ट्रक डोंगरावर उभा असतो तेव्हा त्याच्याकडे उंचीची ऊर्जा असते. उतरताना ती कुठेतरी जायलाच हवी. ब्रेक दाबला की घर्षण होतं आणि ती ऊर्जा उष्णता होऊन हवेत जाते. कधीकधी इतकी उष्णता होते की ब्रेक पकडच सोडतात. म्हणून घाटात पाट्या असतात की गाडी न्यूट्रलमध्ये उतरवू नका, खालच्या गिअरमध्ये उतरवा.

विजेची गाडी तीच ऊर्जा गोळा करते. कशी? त्यासाठी लंडनच्या मायकेल फॅरेडेकडे जायला हवं. हा मुलगा गरीब घरातला, पुस्तकं बांधण्याच्या दुकानात काम शिकायला राहिलेला, आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचून वाचून शास्त्रज्ञ झालेला. 1821 मध्ये त्याने तारेतून वीज सोडली आणि ती तार चुंबकाभोवती गोल फिरायला लागली. ही मोटरची सुरुवात. मग त्याच्या डोक्यात आलं, विजेने हालचाल होते, तर हालचालीने वीज का होऊ नये? दहा वर्षांनी, 1831 मध्ये, त्याने तेही करून दाखवलं. चुंबक तारेच्या वेटोळ्यात आतबाहेर हलवलं आणि तारेतून वीज वाहिली. हे झालं जनित्र.

आता नीट लक्ष द्या. मोटर आणि जनित्र ही दोन वेगळी यंत्रं नाहीत. यंत्र एकच! वीज दिली तर ते फिरतं, आणि तुम्ही फिरवलं तर ते वीज देतं. चढावर बॅटरी मोटरला फिरवते, उतारावर चाकं मोटरला फिरवतात. आणि वीज तयार करताना मोटर फिरायला विरोध करते, त्यामुळे गाडीचा वेगही कमी होतो. तुमच्या आजोबांच्या सायकलला डायनॅमो असेल तर त्यांना विचारा. दिवा लावला की पॅडल जड व्हायचं की नाही? तेच इथे. गाडीवाले याला थोडक्यात 'रीजन' म्हणतात. नेहमीचे ब्रेक असतातच, अचानक थांबायचं तर तेच लागतात, पण त्यांच्यावरचं काम खूप कमी होतं.

घाट संपला. आकडा? 63 टक्के! भाच्याने टाळ्याच वाजवल्या.

हा आकडा खरा वाटतो का, ते आपण गणित करून तपासू. गाडी, आम्ही पाचजण आणि सामान मिळून अडीच हजार किलो धरा. लोणावळा ते खोपोली उंचीतला फरक साधारण 550 मीटर. वस्तुमान गुणिले 9.8 गुणिले उंची, म्हणजे 2500 × 9.8 × 550. उत्तर येतं 1 कोटी 34 लाख 75 हजार ज्यूल. एका युनिटात 36 लाख ज्यूल असतात, म्हणजे झाले पावणेचार युनिटच्या जवळपास. यातला बराच भाग हवा कापण्यात आणि टायर रस्त्यावर घासण्यात गेला, थोडा वीज तयार करताना गेला. उरले दोनच्या आतबाहेर. 79 पैकी दोन युनिट म्हणजे अडीच टक्के. जमलं की नाही?

पण ही काही फुकटची वीज नव्हे. परत घाट चढून लोणावळ्यात आलो तेव्हा 63 चे 55 झाले होते. चढताना दिलेल्यातलं थोडंसं उतरताना परत मिळतं, एवढंच. पण पेट्रोलची गाडी तेवढंही परत देत नाही! आणखी एक सांगतो. लोणावळ्यातच बॅटरी 100 टक्के भरून घेतली आणि घाट उतरायला लागलात, तर रीजन जवळजवळ चालतच नाही. बॅटरीत जागाच नसेल तर वीज ठेवणार कुठे? अशा वेळी नेहमीचे ब्रेकच वापरावे लागतात. विजेची गाडी असलेल्या घाटमाथ्यावरच्या मंडळींनी हे ध्यानात ठेवायला हवं.

आता या घाटातली एक जुनी गोष्ट ऐका, कारण मला ती फार आवडते. याच बोरघाटातून 1863 मध्ये आगगाडी सुरू झाली. चढ एवढा खडा की 37 मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. 1929 मध्ये कल्याण-पुणे मार्गावर वीज आली आणि मालगाड्या ओढायला विजेची दणकट इंजिनं आली. लोक त्यांना 'खेकडा' म्हणत. तर हे खेकडे घाट उतरताना वीज तयार करून वरच्या तारेत परत सोडत असत! ती वीज त्याच वेळी घाट चढणाऱ्या दुसऱ्या गाडीला वापरता येई. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी, तेही आपल्या घाटात. त्यातलं एक इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जपून ठेवलंय. दिल्लीला गेलात तर त्याला भेटल्याशिवाय येऊ नका. आज मुंबईच्या लोकलही स्टेशनात थांबताना अशीच वीज तारेत परत देतात.

आणि ज्या डोंगरातून आम्ही उतरलो, त्याचंही या बॅटरीशी नातं आहे. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात काही ठिकाणी ऑलिव्हीन नावाचं हिरवट खनिज सापडतं. एक्सईव्ही 9ईच्या बॅटरीत लिथियम, लोह आणि फॉस्फेट यांचं संयुग असतं, आणि त्याच्या स्फटिकातले अणू ऑलिव्हीनमधल्यासारखेच रचलेले असतात. त्या रचनेतल्या बारीक वाटांमधून लिथियम आतबाहेर करतं आणि बॅटरी भरते, रिकामी होते. हे संयुग बॅटरीसाठी वापरता येईल हे अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातल्या जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. 1997 मध्ये छापलेल्या त्या शोधनिबंधावर पहिलं नाव होतं पाढी आणि दुसरं नंजुंडास्वामी. गुडइनफ यांना 2019 मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, वयाच्या 97 व्या वर्षी. एवढ्या वयात नोबेल मिळालेलं दुसरं कुणीही नाही.

आता तुमचं काम. घरात मोडकी खेळण्यातली मोटार असेल तर मोठ्यांना विचारून तिच्यातली छोटी मोटर काढा. तिच्या दोन तारांना लाल एलईडी जोडा. सेल अजिबात जोडू नका. आता मोटरच्या दांड्याला दोरा गुंडाळा आणि झटकन ओढा. एलईडी क्षणभर लुकलुकला पाहिजे. नाहीच लागला, तर दोरा उलट्या बाजूने गुंडाळून बघा, कारण एलईडीतून वीज एकाच दिशेने जाते. आणि एलईडी लालच घ्या, पांढऱ्याला जास्त व्होल्ट लागतात.