भारताची ऑल टाइम फुटबॉल टीम काढायची तर खरं भांडण एकाच जागेवर होतं

नागपुरात क्रिकेटची ऑल टाइम इलेव्हन काढायला दहा मिनिटं पुरतात. गावसकर, सचिन, कपिल, धोनी पक्के, उरलेल्या जागांवर काय ती वादावादी. हाच खेळ फुटबॉलवर खेळून बघा. कामठीतला एखादा जुना फुटबॉलवेडा सोडला तर बाकीचे छेत्री, भुतिया म्हणतात आणि गप्प बसतात. सोशल मीडियावर फिरणाऱ्या 'इंडिया ड्रीम टीम'चंही तेच असतं. ज्यांचे गोल मोबाईलवर बघायला मिळतात, त्यांचीच टीम तयार होते.

घोळ असा आहे की, भारतीय फुटबॉलचा सगळ्यात भारी काळ मोबाईलवर सापडतच नाही. तो काळ म्हणजे १९५१ ते १९६२. १९५१ ला दिल्लीच्या एशियन गेम्समध्ये इराणला १-० हरवून गोल्ड. १९५६ ला मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये थेट सेमीफायनल, तिथे पोचणारा भारत हा आशियातला पहिला देश. १९६० ला रोम ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सशी १-१ बरोबरी. आणि १९६२ ला जकार्तामध्ये दक्षिण कोरियाला २-१ हरवून पुन्हा एशियन गेम्सचं गोल्ड. त्यानंतर एशियन गेम्सचं फुटबॉलचं गोल्ड आजपर्यंत आलेलं नाही.

त्यामुळे निवड करताना नियम एकच ठेवू. क्लबसाठी काय केलं ते बाजूला. इंडियाच्या जर्सीत, मोठ्या स्पर्धेत, तगड्या टीमसमोर काय केलं तेवढंच बघायचं. कोच अर्थातच सय्यद अब्दुल रहीम, ज्यांच्यावर अजय देवगणचा 'मैदान' आला. रहीमसाहेबांचा साचा होता ४-२-४, आपणही तोच घेऊ.

गोलकीपर पीटर थंगराज. लष्करातून आलेला, सहा फुटांच्या वरचा गडी. गोव्याचे ब्रह्मानंद संखवाळकर आणि आताचा गुरप्रीत सिंग संधू यांची नावं येतात, पण जकार्ताची फायनल थंगराजच्या नावावर आहे.

डिफेन्समध्ये लेफ्ट बॅक शैलेन मन्ना, १९५१ च्या गोल्डचा कॅप्टन. राइट बॅक सुधीर कर्माकर, १९७० च्या बँकॉक एशियन गेम्समध्ये ब्राँझ जिंकणाऱ्या टीममधला. मध्ये अरुण घोष आणि जर्नेल सिंग.

जर्नेलसाठी जरा थांबावं लागेल. १९६२ च्या स्पर्धेत थायलंडविरुद्ध त्याचं डोकं फुटलं, टाके पडले. असा माणूस डिफेन्सला ठेवला तर सारखी हेडिंग करावी लागणार. दुसरा कोच असता तर त्याला बाहेर बसवलं असतं. रहीमसाहेबांनी त्याला उचलून फॉरवर्डला टाकलं. पठ्ठ्याने सेमीफायनलमध्ये गोल मारला आणि फायनलमध्येही मारला. स्टॉपरच्या जागेवर याच्याशिवाय दुसरं नाव घेणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

मिडफिल्डच्या दोन जागा केम्पैया आणि फॉर्च्युनाटो फ्रँको यांना. ऐंशीच्या दशकातला सुदीप चॅटर्जी इथे येऊ शकतो, कोणी आणला तर माझी हरकत नाही.

आता पुढचे चार. राइट विंगला पी. के. बॅनर्जी, फ्रान्सला बरोबरीत रोखणारा गोल त्यांचाच. लेफ्ट विंगला तुलसीदास बलराम, ज्यांनी रोममध्ये हंगेरी आणि पेरू दोघांनाही गोल मारला. आत चुनी गोस्वामी, १९६२ चे कॅप्टन. हेच चुनी पुढे बंगालचे कॅप्टन म्हणून मुंबईविरुद्ध १९७१-७२ ची रणजी फायनलही खेळले. एकाच माणसाने किती ठिकाणी कॅप्टनगिरी करावी!

उरली एक जागा, सेंटर फॉरवर्डची. भांडण आहे ते इथे.

एका बाजूला सुनील छेत्री. दीडशेच्या वर मॅचेस, नव्वदच्या वर गोल. दुसऱ्या बाजूला नेव्हिल डिसोझा. गोव्यात जन्मलेला, मुंबईत टाटांकडून खेळणारा. मेलबर्नमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं, त्यात नेव्हिलची हॅटट्रिक. ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक मारणारा तो पहिला आशियाई. सेमीफायनलला युगोस्लाव्हियाविरुद्ध भारताचा एकमेव गोलही त्याचाच. पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारत त्या स्पर्धेत खेळला फक्त तीन मॅचेस. तीन मॅचेसमध्ये चार गोल, स्पर्धेतल्या टॉप स्कोअररच्या बरोबरीने.

छेत्रीचे गोल नेपाळ-मालदीवविरुद्धचे, असं म्हणणारे भेटतात. ते अर्धंच खरं आहे. २००८ ला एएफसी चॅलेंज कपच्या फायनलमध्ये ताजिकिस्तानविरुद्ध त्याची हॅटट्रिक होती, त्याच विजयामुळे भारत २७ वर्षांनी एशियन कपला पोचला. २०११ च्या त्या एशियन कपमध्ये त्याने दक्षिण कोरियालाही गोल मारला. शिवाय छेत्रीच्या दोन्ही बाजूंना कधी पी. के. आणि बलराम नव्हते. ते मिळाले असते तर काय झालं असतं, हा विचार करूनच मी छेत्रीला घेतो. नेव्हिल पहिला बदली खेळाडू, त्याच्यामागे विजयन आणि भुतिया. गंमत म्हणजे नेव्हिलच्या काळात बदली खेळाडूची सोयच नव्हती. मैदानात उतरलेल्या अकरांनीच शेवटपर्यंत खेळायचं.

या यादीत विदर्भाचं एकही नाव नाही. नागपूरच्या पोरांत दम नाही, असा त्याचा अर्थ काढू नका. हे अकरा जण कुठून आले ते बघा. पी. के. इस्टर्न रेल्वेचे, नेव्हिल आणि फ्रँको टाटांचे, थंगराज लष्कराचा. बाकावरचा विजयन त्रिशूरच्या स्टेडियमवर सोडा विकायचा, केरळ पोलिसांच्या टीमने त्याला पोरवयातच उचललं. पगार देऊन खेळवणारं कोणीतरी आधी होतं, टीम इंडिया नंतर.

क्रिकेटमध्ये विदर्भाची असोसिएशन वेगळी, टीम वेगळी, त्या टीमने रणजी तीनदा जिंकली. फुटबॉलमध्ये नागपूर जिल्हा येतो वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या खाली आणि संतोष ट्रॉफीला अख्ख्या महाराष्ट्राची मिळून एकच टीम जाते. म्हणजे कामठीच्या पोराला आधी मुंबई, पुणे, कोल्हापूरच्या पोरांशी एका जागेसाठी लढायचं, मग पुढचं पुढे. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी २००१ ला झोपडपट्टीतल्या पोरांसाठी स्लम सॉकर सुरू केलं, त्यावर 'झुंड' आला. तिथली पोरं होमलेस वर्ल्ड कपमध्ये इंडियाच्या जर्सीत खेळलीत. पण ती टीम वेगळी, आणि तिथून या टीमकडे येणारा रस्ता अजून तयार व्हायचा आहे.