देगेचं माप

पहाटे साडेचारला नांदेडच्या एका छोट्या गुरुद्वाऱ्याच्या मागच्या खोलीत शिरले, तेव्हा वजनकाटा मांडलेला होता. दोन किलो कणीक, दोन किलो साजूक तूप, दोन किलो साखर. मी सत्यनारायणाच्या सव्वाच्या शिऱ्यावर वाढलेली, त्यामुळे हे माप नवं होतं. “आमच्याकडं तिन्ही सारखं, ताई. म्हणून तर याला त्रिभावली म्हणतेत,” सेवेतले बाबाजी म्हणाले. ते इथलेच, दख्खनी शीख. घरात मराठी बोलणारे.

आंघोळ करून, तोंडावर फडकं बांधून ते कढईपुढे उभे राहिले आणि जपुजी ही पहाटेची प्रार्थना म्हणू लागले. हा कडाह प्रसाद रांधताना गुरबाणी मुखात हवी, असा रिवाज आहे. तूप तापलं, त्यात कणीक पडली. शेजारच्या पातेल्यात साखर पाण्यात विरघळत होती. लांब दांड्याचा खुरपा फिरत राहिला. मनगटातलं कडं मधूनच कढईच्या काठाला लागे, टण्ण. कणीक आधी फिकी, मग बदामी, मग गुळासारखी झाली. खमंग वास सुटला, तसे त्यांनी डोळ्यांनीच मला मागे सरायला सांगितलं, आणि साखरेचं पाणी ओतलं. फस्सकन वाफेचा लोट उठला. गोळा काठ सोडू लागला, तूप कडेला दिसू लागलं. आच बंद. चव कुणीही पाहिली नाही. अरदास, म्हणजे प्रार्थना, होईपर्यंत बोट लावायचं नाही.

बाबाजींचा पाठ एकदाही तुटला नव्हता. नामस्मरण आणि हातचं काम वेगळं नसतं, हे आपल्या वारकऱ्यांना सांगावं लागत नाही. पण इथे ते मनगटाच्या वेगात दिसत होतं.

देग, म्हणजे प्रसादाचं भांडं, स्वच्छ रुमालाने झाकून, डोक्यावर घेऊन दरबारात नेली. पुढे एकजण पाणी शिंपडत चालला होता. आनंद साहिबच्या सहा पौड्या, म्हणजे कडवी, झाल्या, अरदास झाली. मग एका सेवादाराने कमरेची कृपाण काढून तिचं टोक देगेतून हलकेच फिरवलं. हा क्षण मला आजवर कुणी नीट समजावला नव्हता. 1699च्या वैशाखीला आनंदपूरला खालसा पंथ उभा राहिला. केस, कंगवा, कडं, कच्छा आणि कृपाण या त्याच्या पाच खुणांतली शेवटची इथे गोड पदार्थाला स्पर्श करते. देग म्हणजे खाऊ घालणं, तेग म्हणजे तलवार. 1708 साली याच नांदेडात गुरू गोविंदसिंगांना भेटून पंजाबकडे निघालेल्या बंदासिंग बहादूरांच्या मोहरेवरही हे दोन्ही शब्द शेजारी होते. ज्याच्या हाती शस्त्र, त्याच्यावर भुकेल्याची जबाबदारी, असं मी ते वाचते.

पंज प्याऱ्यांचा, म्हणजे खालशाच्या पाच मानकऱ्यांचा, वाटा आधी काढला, मग वाटप सुरू झालं. सगळे जमिनीवर, दोन्ही हातांची ओंजळ पुढे. वाढणारा चेहरे पाहत नव्हता, फक्त ओंजळी पाहत होता. माझ्या एका बाजूला पंजाबहून आलेलं कुटुंब, दुसऱ्या बाजूला बाजारातला हमाल. घास तेवढाच.

समोरच्या गुरू ग्रंथ साहिबच्या 1430 पानांत आपल्या नामदेवांची 61 पदं आहेत. शेजारी कबीर आणि रविदासही: कबीर विणकर, रविदास चर्मकार, नामदेव शिंपी. हीन जातीचा म्हणून देवळातून उठवल्याची वेदना नामदेवांच्या त्यातल्या एका पदात आहे. ते पद ज्या ग्रंथात गुरू म्हणून मस्तकी धरलं जातं, त्याच्यापुढे ही ओंजळ भरते. मला गहिवरून आलं, ते लपवत नाही.

बाबाजी अगदी मागे, दाराजवळ बसले होते. त्यांच्याही ओंजळीत तेवढाच घास पडला. तो खाऊन तळहातांवरचं तूप त्यांनी दाढीला चोळलं आणि ते कढई घासायला उठले.