‘पाय धुणे’ : एका जपानी सूडपटाच्या संदर्भात

‘शिन झातोइची मोनोगातारी’, म्हणजे ‘झातोइचीची नवी कथा’, हा तोकुझो तानाका यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट १९६३ साली प्रदर्शित झाला. १९६२ साली सुरू झालेल्या मालिकेतील हा तिसरा व पहिला रंगीत चित्रपट होय. सूडकथेच्या परिचित चौकटीत तो एक प्रश्न उपस्थित करतो : गुन्हेगारी जीवनाचा त्याग करणे हे त्याग करणाऱ्याच्या एकट्याच्या स्वाधीन असते काय?

प्रथम काही शब्दांचा विचार करणे इष्ट ठरेल. नायकाचे नाव ‘इची’. ‘झातो’ ही अंधांच्या संघातील कनिष्ठ श्रेणी. तो सामुराई नव्हे. अंगमर्दन करून पोट भरणारा आणि काठीत तलवार दडवून हिंडणारा जुगारी आहे. ‘याकुझा’ हा शब्द, प्रचलित व्युत्पत्तीनुसार, पत्त्यांच्या एका खेळातून आला. ८, ९ व ३ यांची बेरीज २०. परंतु त्या खेळात एकं स्थानचाच अंक धरीत असल्यामुळे हा डाव शून्याचा ठरतो. ‘याकुझा’ म्हणजे कवडीमोल माणूस. असे जीवन सोडण्यास जपानीत ‘आशी ओ आराउ’, शब्दशः ‘पाय धुणे’, असे म्हणतात. गतायुष्य हा धुऊन जाणारा मळ आहे, हे या वाक्प्रचारातील गृहीत. चित्रपट नेमके तेच तपासून पाहतो.

इची आपले शस्त्रगुरू बान्नो यांच्याकडे परततो. गुरुभगिनी यायोई त्याच्याशी विवाहाची इच्छा प्रकट करते आणि तो जुने जीवन सोडण्याची शपथ घेतो. तोच, त्याने पूर्वी मारलेल्या कानबेईचा भाऊ यासुहिको सूड उगविण्यास येतो. इची क्षमा याचतो. निर्णय फाशांवर सोपविला जातो. हरल्यास त्याने उजवा हात द्यावयाचा. दान त्याच्या विरुद्ध पडते. तथापि यासुहिको फासा उलटवून इचीच जिंकल्याचे सांगतो.

सूडाचा अधिकार असलेला वैरी असा मोकळीक देतो. गुरू मात्र ‘हलका माणूस’ म्हणून शिष्याचा धिक्कार करतात. हेच बान्नो गुंडांशी संगनमत करून आपल्याच एका शिष्याचे खंडणीसाठी अपहरण घडवितात. अखेर इचीला शपथ मोडून यायोईच्या देखत गुरूंचा वध करावा लागतो आणि तो निघून जातो.

१९७३ पर्यंत २५ चित्रपटांपर्यंत लांबलेल्या मालिकेला नायक भटकाच राहणे सोयीचे होते, हे खरे. परंतु या कथेतील अपयशाचे कारण तेवढेच नाही. पाय धुणारा उंबरठ्याबाहेर उभा असतो. त्याला आत घ्यावयाचे की नाही, हे घरातील माणसे ठरवितात.