जुन्या ट्रॅक्टरच्या एंजिनातील वंगणतेलाचा दाब : धोक्याची खूण व तिची पारख

मृगाचा पाऊस पडून जमिनीस वापसा आला, की पेरणीचे दिवस बोटांवर मोजण्याइतकेच उरतात. अशा वेळी ट्रॅक्टर आठ दिवस जरी बंद पडला, तरी हंगाम हुकतो आणि त्याची झळ वर्षभर सोसावी लागते. ट्रॅक्टर बंद पडण्याची कारणे अनेक आहेत; परंतु एंजिनातील वंगणतेलाचा दाब नाहीसा होणे हे त्यांपैकी फार महागात पडणारे कारण होय. सुदैवाने हे संकट बहुधा सूचना दिल्यावाचून येत नाही. चालकासमोरील तांबडा दिवा किंवा दाबमापकाचा काटा त्याची खूण आधीच दाखवितो. ती वेळीच ओळखली, तर काम पुष्कळदा चार-सहा लिटर तेलावर किंवा एका गाळणीवर निभावते. दुर्लक्ष झाले, तर क्रँकशाफ्ट घासून घेण्याची पाळी येते.

भारतात बांधलेला पहिला ट्रॅक्टर १९५९ साली फरिदाबाद येथे तयार झाला. पुढील दशकांत बांधले गेलेले कित्येक ट्रॅक्टर दुसऱ्या वा तिसऱ्या मालकाकडे आजही नांगरणीचे व उसाच्या वाहतुकीचे काम करीत आहेत. अशा जुन्या एंजिनाच्या मालकाने पुढील माहिती ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

तेलाचा प्रवास

एंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमध्ये तेल साठविलेले असते. तेथून ते तारेच्या जाळीतून वर ओढले जाते व दातेरी चाकांच्या पंपाद्वारे गाळणीकडे, म्हणजे ऑईल फिल्टरकडे ढकलले जाते. गाळलेले तेल मुख्य नळीत येते आणि तेथून क्रँकशाफ्टची मुख्य बेअरिंगे, कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे, कॅमशाफ्ट व डोक्यावरील रॉकर यांना पोहोचते. काम करून ते पुन्हा चेंबरमध्ये ठिबकते. पंपाच्या पुढे एक स्प्रिंगची झडप असते; तिला मिस्त्री रिलीफ व्हॉल्व्ह म्हणतात. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की ती उघडते व जास्तीचे तेल परत सोडते.

क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांमध्ये माणसाच्या केसाच्या जाडीइतकी फट असते. त्या फटीत तेलाचा पातळ थर असतो व त्या थरावरच क्रँकशाफ्ट तरंगत फिरतो. थर तुटला, तर धातूवर धातू घासतो, बेअरिंगचा मऊ मुलामा वितळतो आणि एंजिन जाम होते.

दाब कशाने उत्पन्न होतो

पंप केवळ तेल ढकलतो. दाब निर्माण होतो तो तेलाला मिळणाऱ्या अटकावामुळे. पाटाचे पाणी अरुंद तोंडातून सोडले तर जोराने येते. तेच तोंड रुंद केले, तर तेवढेच पाणी संथ वाहते. बेअरिंगची फट हे तेलाचे तोंड होय. ही फट दुप्पट झाली, तर त्याच दाबाखाली तिच्यातून सुमारे आठपट तेल निसटते. म्हणूनच बेअरिंगची थोडीशी झीजही दाब पुष्कळ उतरविते. तेल पातळ झाले, तरी हाच परिणाम होतो.

एंजिनाचे फेरे वाढले की पंप जास्त तेल देतो व दाब चढतो. गरम एंजिनात दर १००० फेऱ्यांस साधारणपणे ०.७ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर दाब असावा, असा एक ढोबळ आडाखा आहे. तथापि प्रत्येक एंजिनाचा योग्य दाब त्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो व तोच प्रमाण मानावा. तांबडा दिवा मात्र दाब अगदीच खाली गेल्यावर लागतो. दिवा विझलेला आहे एवढ्यावरून सर्व ठीक आहे असे समजू नये. उलट तो लागला, तर क्षणाचाही विलंब करू नये.

दिवा लागताच काय करावे

दिवा लागला किंवा काटा एकाएकी खाली आला, की ट्रॅक्टर बाजूस घेऊन एंजिन तात्काळ बंद करावे. "एवढे तास पुरे करू, मग पाहू" हा विचार सर्वांत घातक होय. दिवा का लागला हे पाहण्यासाठी एंजिन वारंवार चालूही करू नये.

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून दहा मिनिटे थांबावे. तेल खाली उतरल्यावर मापाची काडी पुसून, पुन्हा घालून पातळी पाहावी. पातळी खालच्या खुणेच्या आत असेल, तर गळती कोठे आहे ते शोधावे. जुन्या ट्रॅक्टरात दाबमापकाकडे जाणारी बारीक तांब्याची नळी हादऱ्याने तडकते व तिच्यातून पाहता पाहता तेल निघून जाते. पातळी थोडी कमी असता सपाटीवर दिवा लागत नाही. परंतु चढावर उसाची ट्रॉली ओढताना तेल एका बाजूस सरकते, जाळी उघडी पडते आणि दिवा लुकलुकतो. हीदेखील धोक्याचीच खूण समजावी.

पातळी वरच्या खुणेच्या पुष्कळ वर असणेही दोषास्पद आहे. अशा वेळी क्रँकशाफ्ट तेल घुसळतो, तेलात फेस होतो व पंप तेलाऐवजी हवा ओढू लागतो.

तेलाची पारख

पातळी पाहताना तेलही तपासावे. दोन बोटांत चोळून पाहता ते पाण्यासारखे पातळ लागले व डिझेलचा वास आला, तर इंजेक्टर गळत आहे किंवा डिझेल देणाऱ्या पंपाचा पडदा फाटला आहे, असा संशय घ्यावा. तेल न घालता पातळी वाढलेली दिसणे ही त्याची खूण होय. तेल ताकासारखे पांढुरके झाले असेल, तर त्यात पाणी शिरले आहे. हेड गॅस्केट किंवा लायनरची रबरी कडी खराब झाली असण्याचा संभव असतो. दोन्ही प्रसंगी मूळ दोष दूर केल्यावाचून नुसते तेल बदलणे व्यर्थ होय.

सूचना खरी की खोटी

पातळी व तेल दोन्ही ठीक असतील, तर सूचना देणारे साधनच बिघडले आहे काय, हे पाहावे. एंजिन बंद ठेवून चावी फिरवावी. दिवा लागला पाहिजे. न लागल्यास बल्ब गेला आहे, तार तुटली आहे किंवा दाबाचा स्विच खराब आहे. त्यानंतर स्विचवरील तार काढून ती कोठेही टेकणार नाही अशी धरावी. दिवा विझला पाहिजे. तरीही तो जळत राहिला, तर तारेचे आवरण घासून ती एंजिनाच्या अंगास लागली आहे.

तार निर्दोष असल्यास स्विच काढून त्याच्या जागी खात्रीचा दाबमापक बसवावा आणि एंजिन थोडाच वेळ चालवून दाब पाहावा. दाब योग्य आढळला, तर स्विच बदलावा. काटा मुळीच न हलल्यास एंजिन लगेच बंद करावे. ही परीक्षा केल्यावाचून एंजिन खोलण्याची घाई करू नये. तसेच परीक्षा न करता "स्विचच गेला असेल" असे मानून काम चालूही ठेवू नये.

लक्षणांवरून कारण

दाब खरोखरच कमी असेल, तर तो केव्हा व कसा उतरतो यावरून कारणाचा अंदाज येतो.

१. दाब एकाएकी नाहीसा झाला : तेल संपले, नळी फुटली, पंप फिरेनासा झाला किंवा रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला.

२. एंजिन थंड असता दाब चांगला, तापल्यावर कमी फेऱ्यांत खाली : तेल पातळ झाले किंवा बेअरिंगे झिजली.

३. थंड व गरम दोन्ही अवस्थांत दाब कमी : पंप झिजला किंवा झडपेची स्प्रिंग मोडली.

४. फेरे वाढविताच दाब चढण्याऐवजी उतरतो : जाळी गाळाने तुंबली किंवा पंप हवा ओढीत आहे.

५. महिनोन्महिने हळूहळू उतरला : सर्वसाधारण झीज.

दुरुस्तीचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे असावा. प्रथम तेल व फिल्टर बदलावे. मग रिलीफ व्हॉल्व्ह बाहेरून काढता येत असल्यास तो काढून स्वच्छ धुवावा. बैठकीवर अडकलेला लोखंडाचा एखादा कणही झडप उघडी ठेवण्यास पुरेसा होतो. त्यानंतर चेंबर उतरवून जाळी व पंप तपासावा. चेंबर उतरविलेलाच आहे, तर तळाशी साचलेला गाळ अवश्य पाहावा. त्यात चकाकणारा चुरा आढळला, तर बेअरिंगे झिजत आहेत हे निश्चित समजावे.

एंजिनातून ठोका येत असल्यास माहितगार मिस्त्री एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरची नळी सैल करून कान देतात. ज्या सिलिंडरचे डिझेल बंद करताच ठोका मंदावतो, त्याच्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग ढिले झालेले असते. बेअरिंग बदलताना क्रँकशाफ्टचे माप घ्यावे. तो लंबगोल झिजला असेल, तर घासून कमी मापाची बेअरिंगे बसवावी लागतात. ओरखडलेल्या क्रँकशाफ्टवर नवे बेअरिंग टिकत नाही.

टाळावयाचे उपाय

स्प्रिंगखाली वॉशर घालून दाब वाढविण्याची युक्ती कित्येक ठिकाणी केली जाते. बेअरिंगे झिजल्यामुळे दाब उतरला असेल, तर तिचा उपयोग होत नाही. दाब कमी असता ती झडप मुळात बंदच असते; मग स्प्रिंग कडक करून काय लाभ? गिअरचे जाड तेल एंजिनात ओतणेही अयोग्य होय. काटा वर जातो खरा. परंतु पहाटेच्या गारठ्यात असे तेल बेअरिंगपर्यंत पोहोचण्यास विलंब लागतो आणि तेवढ्यात झीज होते. दिव्याची तार काढून ठेवणे म्हणजे तर चोर शिरल्यावर भुंकणाऱ्या कुत्र्याचेच तोंड बांधणे होय.

नित्याची काळजी

रोज सकाळी एंजिन चालू करण्यापूर्वी तेलाची पातळी पाहावी. माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या जातीचेच तेल, सांगितलेल्या तासांनी बदलावे व त्याबरोबर फिल्टरही बदलावा. फिल्टर तुंबला, तर पुष्कळ एंजिनांत बाजूची झडप उघडून न गाळलेले तेल थेट बेअरिंगकडे जाते, हे विसरू नये. धुळीत मळणीचे काम केल्यास हवेच्या गाळणीची निगाही दररोज ठेवावी, कारण आत गेलेली धूळ शेवटी तेलातच मिसळते. चेंबर उतरवून काम केल्यानंतर डिझेल बंद ठेवून एंजिन स्टार्टरने थोडे थोडे फिरवावे आणि काटा हलल्यावरच ते चालू करावे.

गरम एंजिनाचा दाब महिन्यातून एकदा वहीत टिपून ठेवणाऱ्या शेतकऱ्यास झीज केव्हा सुरू झाली हे आधीच कळते. मग दुरुस्ती उन्हाळ्यात, काम कमी असताना, सवडीने करता येते आणि मृगाच्या सुमारास ट्रॅक्टर शेतात उभा राहतो, मिस्त्रीच्या दारात नव्हे.