नऊ अक्षरं, एकच झटका

‘स्ट्रेंग्थ्स’ या इंग्रजी शब्दात अक्षरं नऊ, पण स्वर एकच. त्यामुळे सिलेबलही, म्हणजे एका झटक्यात उच्चारायचा तुकडाही, एकच. तोंड एकदा उघडलं की शब्द संपला. ‘एरिया’त मात्र अवघी चार अक्षरं आणि सिलेबल तीन: ए-रि-आ. सिलेबल मोजायची सोपी युक्ती म्हणजे हनुवटीखाली हात धरून शब्द म्हणायचा. हनुवटी जितक्यांदा खाली येईल, साधारण तितकी सिलेबल.

मुलांना रडवणारं कोडं म्हणजे डबल अक्षरं. ‘डिनर’मध्ये एन दोन, ‘डायनर’मध्ये एकच, असं का? शब्द तोडून पाहा. ‘डिनर’ दोन एनच्या मधोमध तुटतो. पहिल्या तुकड्याला एनचं दार लागतं, म्हणून आतला आय आखूड राहतो. ‘डायनर’मधला एकुलता एन पुढच्या तुकड्यात जातो, मागचा आय मोकळा सुटतो आणि लांब उच्चारला जातो. ‘सपर’मध्ये पी दोन आणि ‘सुपर’मध्ये एक, तेही याचसाठी. हे मुलांना पाठांतराआधी दाखवायला हवं.

अपवाद अर्थात आहेत. ‘हॅबिट’मध्ये बी एकच, तरी ए आखूड! यावरून अमेरिकेत चक्क वाद झाला. तिथल्या शाळांत चालणाऱ्या थॉमस डिलवर्थच्या पुस्तकात या शब्दातला बी दुसऱ्या तुकड्यात असे. नोआ वेबस्टरने 1783 मध्ये आपलं स्पेलिंगचं पुस्तक काढलं आणि तो बी पहिल्या तुकड्यात आणला. शब्द जसा बोलतो तसा तोडायचा, हा त्याचा आग्रह. मला वेबस्टरचंच पटतं.

स्पेलिंग लिहिताना मात्र मुद्दाम चुकीचं म्हटलेलंही कामी येतं. बोलताना ‘वेन्झ-डे’ दोनच तुकडे, पण लिहिताना मनात ‘वेड-नेस-डे’ म्हटलं की डी हमखास जागेवर पडतो. खुशाल म्हणा!

‘रेकॉर्ड’चं स्पेलिंग एकच, तोडणं दोन तऱ्हांचं. नाम असेल तर सी पहिल्या तुकड्यात आणि जोरही पहिल्यावर. क्रियापद झालं की सी आणि जोर दोन्ही पुढे सरकतात.

ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडायचा, हे संगणकाला शिकवलं फ्रँकलिन लियांगने. 1983 च्या त्याच्या स्टॅनफर्डमधल्या प्रबंधातून 4,447 नमुन्यांची यादी निघाली आणि डोनाल्ड कनुथच्या ‘टेक’ या छपाईच्या प्रणालीत ती बसली. प्रबंधाच्या शीर्षकातले ‘हायफनेशन’ आणि ‘कॉम्प्युटर’ हे शब्दही त्याने तोडूनच छापले होते.