शौचाची सवय आणि बालकाचा नकार

मूल पाऊल टाकू लागते, बोबडे बोल बोलू लागते, तेव्हा घरातील सर्वांना त्याचे कौतुक वाटते. परंतु मलमूत्रविसर्जनाची सवय लावण्याची वेळ आली, की या कौतुकाची जागा पुष्कळदा धाक घेतो. दोन-अडीच वर्षांचे मूल पॉटवर बसण्यास नकार देते, दाराआड जाऊन उभे राहते, अंग ताठ करते आणि अखेरीस कपडे खराब करते. हा निव्वळ हट्ट आहे, असा निवाडा वडीलधारी मंडळी देऊन टाकतात. शरीरशास्त्राचा निवाडा मात्र निराळा आहे. तो समजून घेतला, तर मुलाचे आणि आईबापांचेही पुष्कळसे क्लेश वाचू शकतात.

शरीराची तयारी

मूत्राशय व मलाशय यांच्या निर्गमद्वाराशी संकोचक स्नायूंची दुहेरी व्यवस्था असते. आतील स्नायू आपल्या इच्छेस जुमानत नाही. बाहेरील स्नायू मात्र इच्छेनुसार आवळता किंवा सैल सोडता येतो. तान्ह्या बालकाला हा बाहेरील स्नायू वापरण्याची कला अवगत नसते. ती येण्यासाठी मेंदू आणि मज्जातंतू यांची पुरेशी वाढ व्हावी लागते. सामान्यतः दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान ही तयारी दिसू लागते. मूल दीड-दोन तास कोरडे राहते, शी-शू आल्याचे खुणेने वा शब्दाने सुचविते, स्वतः खाली बसते-उठते आणि चड्डी ओढून काढू पाहते.

अमेरिकन बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली १,१७० मुलांच्या निरीक्षणांवर आधारलेला एक लेख प्रसिद्ध केला. मुलाची तयारी दिसेपर्यंत थांबावे आणि सक्ती करू नये, हे त्यांचे सूत्र होते. त्यांच्या पाहणीतील मुलांना दिवसा नियंत्रण येण्याचे सरासरी वय २८.५ महिने होते. पुढे स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे रेमो लार्गो व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन पिढ्यांतील मुलांची तुलना केली. पहिल्या पिढीत वर्ष पुरे होण्याआधीच शिकवणीस प्रारंभ होत असे, तर दुसऱ्या पिढीत तो बराच उशिरा होई. तरीही लवकर प्रारंभ केल्यामुळे मूत्राशयावर ताबा लवकर आला, असे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत आढळले नाही.

आपल्याकडे आई तान्ह्या मुलाला पायांवर बसवून 'शू-शू' असा आवाज करते व मूल त्यास प्रतिसाद देते. पूर्व आफ्रिकेतील डिगो लोकांतही अशीच रीत असल्याचे १९७७ च्या एका अभ्यासात नमूद आहे. ही रीत चुकीची नव्हे. मात्र येथे आई मुलाच्या खुणा ओळखून त्याला वेळेवर बसविते. मुलाने स्वतःच्या निर्णयाने जागेवर जाणे ही त्यापुढची पायरी होय.

नकाराचे चक्र

लघवीसाठी मूल आनंदाने पॉटवर बसते, पण शौचास बसण्याचे नाव काढताच रडू लागते, असा अनुभव अनेक घरांत येतो. ब्रूस टॉबमन यांनी अमेरिकेत ४८२ मुलांची पाहणी करून १९९७ साली दाखवून दिले, की त्यांपैकी सुमारे २२ टक्के मुलांनी शौचापुरता असा नकार एक महिना वा अधिक काळ दिला होता. म्हणजे ही काही विरळा आढळणारी गोष्ट नव्हे.

या नकाराच्या मुळाशी पुष्कळदा वेदना असते. एखादे वेळी शौचास खडा होतो, गुदद्वाराशी चीर पडते, आणि शौच म्हणजे दुखणे ही गाठ मुलाच्या मनात पक्की बसते. पुन्हा वेग आला, की मूल पाय जुळवून, चवड्यांवर उभे राहून तो दाबून धरते. पाहणाऱ्यास वाटते, मूल कुंथत आहे. वस्तुतः ते मळ अडवीत असते. अडलेल्या मळातील पाणी आतड्यात शोषले जाते, मळ अधिक कठीण होतो आणि पुढील वेळी वेदना वाढते. दीर्घकाळ असे चालल्यास मलाशय ताणले जाऊन त्याची संवेदना मंदावते, आणि साठलेल्या मळाच्या बाजूने पातळ मळ नकळत झिरपून कपडे खराब होतात. अशा वेळी मुलाला मारणे म्हणजे ज्या गोष्टीची त्याला जाणीवच नाही, तिच्याबद्दल शिक्षा करणे होय. भीतीने ते वेग अधिकच आवळून धरते व चक्र घट्ट होते.

काय करावे?

प्रथम मळ मऊ करावा, शिकवणी मागाहून. पाणी, फळे, पालेभाज्या व कोंड्यासह धान्य आहारात असावे. दुधावरच पोट भरण्याची सवय असल्यास ती कमी करावी. बद्धकोष्ठ जुने असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने मळ मऊ करणारे औषध द्यावे. घरच्या घरी एनिमा देऊ नये. मूल निकराने विरोध करीत असेल, तर काही आठवडे शिकवणी थांबवून पुन्हा डायपर वा लंगोट वापरण्यात कमीपणा मानू नये.

जेवणानंतर मोठ्या आतड्याची हालचाल स्वाभाविकच वाढते. म्हणून त्या वेळी मुलाला पाचेक मिनिटे बसवावे व ती संपताच उठू द्यावे. उंच कमोडवर पाय लोंबकळत राहिल्यास जोर लावता येत नाही, तेव्हा पायांखाली पाट ठेवावा. उकिडवे बसणे शौचास अनुकूल असते. पण भारतीय पद्धतीच्या शौचालयातील पायठाणे प्रौढांच्या मापाची असल्याने लहान मुलाला पडण्याची धास्ती वाटते. त्याला हाताचा आधार द्यावा, अथवा लहान पॉट वापरावा.

शब्दांचेही महत्त्व आहे. टॉबमन व सहकाऱ्यांच्या २००३ च्या अभ्यासात काही पालकांना मळाविषयी किळस दर्शविणारे शब्द टाळण्यास व शौच झाल्यावर कौतुक करण्यास सांगितले होते. त्यामुळे नकार देणाऱ्या मुलांची संख्या घटली नाही, परंतु नकाराचा काळ आखूड झाला. यावरून स्वच्छतेत ढिलाई करावी, असे मात्र नव्हे. बालकाच्या मळातही रोगजंतू असतात. तो शौचालयातच टाकावा आणि मुलाचे व आपले हात साबणाने धुवावेत. 'छी, घाण' म्हटल्यावाचूनही हे सारे करता येते.

मळात रक्त दिसणे, पोट फुगणे, वाढ खुंटणे, किंवा चार वर्षांनंतरही वारंवार कपड्यांत शौच होणे, ही डॉक्टरांकडे जाण्याची लक्षणे होत. एरवी थोडा धीर धरणे हेच उत्तम. वेग आवळून धरणे किंवा सोडणे हे अखेरीस मुलाच्याच हाती असते. तो स्नायू भीतीने घट्ट आवळला जातो आणि निर्धास्त मनानेच सैल होतो, हे ध्यानी घेणे ही पालकांनी शिकावयाची पहिली गोष्ट आहे.