हिरव्या बाटलीतलं ‘नैसर्गिक’

दक्षिण फ्रान्समध्ये नीम आणि माँपेलिए या शहरांच्या मध्ये वेर्जेझ नावाचं छोटंसं गाव आहे. गावाचं नाव बाहेर फारसं कुणी ऐकलेलं नसतं, पण तिथलं पाणी हिरव्या बाटलीतून जगभर जातं. पेरिए ते हेच. डॉक्टर लुई पेरिए यांनी १८९८ साली इथला झरा विकत घेतला आणि १९०३ मध्ये तो सेंट जॉन हार्म्सवर्थ या इंग्रजाच्या हाती गेला. मोटार अपघातात अधू झालेले हार्म्सवर्थ मुद्गल फिरवून व्यायाम करत. हिंदुस्थानातले मुद्गल गोऱ्या फौजेबरोबर विलायतेला पोचले होते. बाटलीचा घाट त्यांच्यावरूनच घेतलेला आहे. बाटली अशी घडवलेली, हे कुणालाही पटेल. आतलं पाणीही बरंचसं घडवलेलंच आहे, हे मात्र सहज पटत नाही. पाणी आणि बुडबुड्यांचा वायू जमिनीतून वेगवेगळे काढून कारखान्यात एकत्र केले जात असत. १९९० मध्ये अमेरिकेत या पाण्यात बेंझीन सापडलं आणि कंपनीला सुमारे १६ कोटी बाटल्या परत घ्याव्या लागल्या. गंमत अशी, की बेंझीन त्या नैसर्गिक वायूतच होतं. ते अडवणारी गाळणी वेळेवर बदलली गेली नव्हती, एवढंच.

मग ‘नैसर्गिक’ ही निव्वळ धूळफेक का? तसंही नाही. युरोपच्या कायद्यानुसार अशा पाण्यातलं लोह काढता येतं, वायू कमीजास्त करता येतो, पण ते निर्जंतुक करता येत नाही. ते मुळातच शुद्ध असावं लागतं. मालक नेस्ले कंपनीने अतिनील किरण आणि कोळशाच्या गाळण्या वापरल्याचं २०२४ मध्ये कबूल केलं, तेव्हा काहींनी विचारलं, की पिणाऱ्याला अपाय झाला नाही, तर तक्रार कसली? पण गाळून शुद्ध केलेलं पाणी नळालाही येतं, तेही कितीतरी स्वस्त. बाटलीचे जादा पैसे न गाळण्याचेच असतात. शिवाय गाळायची मुभा मिळाली, की झऱ्याभोवतीची शेतं आणि सांडपाणी यांची काळजी घेण्याचं कंपनीला कारणच उरत नाही. कायद्याचा खरा पहारा पाण्यापेक्षा त्या मातीवर आहे. त्याच वर्षी जोरदार पावसानंतर वेर्जेझच्या एका विहिरीत विष्ठेतले जंतू आढळले आणि किमान २० लाख बाटल्या नष्ट कराव्या लागल्या.